नव्या टॅबमधली अम्मा

आमच्या घरात भांडण कसं संपतं ते आधी सांगते. अम्माला ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं कळतं. त्यामुळे तिला पुरे झालं की ती डोळे बाजूला वळवते. भिंतीकडे, कपाटाकडे, दोरीवरच्या कपड्यांकडे, कुठेही. संपलं. तुम्ही ओरडा, हातवारे करा, फिरून तिच्यासमोर जाऊन उभे राहा, ती पुन्हा दुसरीकडे बघणार. तुम्हाआम्हाला मनात आलं म्हणून कान मिटता येत नाहीत, तिला येतात. माझ्यासारख्या तापट बाईला याहून चीड आणणारं दुसरं काही नसेल. कितीतरी वेळा अर्धं वाक्य तोंडात तसंच घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आहे आणि राग पातेल्यांवर काढला आहे.

मी खंडाळ्याच्या एका हॉटेलात चादरी-टॉवेलांचं बघते. लोणावळ्यात बाजाराच्या मागे आमच्या दोन खोल्या, त्यात मी आणि अम्मा. लग्न केलं नाही; त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. बोली आमची मराठीच, नाती तेवढी मावशीला खाला, थोरल्या बहिणीला आपा अशी. अम्माचे कान हळूहळू कमी झाले आणि मग पुरतेच गेले. कानाचं यंत्र आणलं होतं. ते लावून ती बाजारात गेली, तर शनिवारच्या गाड्यांची घरघर, हॉर्न, पर्यटकांचा आरडाओरडा सगळं एकदम डोक्यात शिरलं. घरी येऊन तिने यंत्र सुईदोऱ्याच्या डब्यात टाकलं. "ह्याच्यापरीस बहिरी बरी," म्हणाली.

ओठ वाचायला तिला कोणी शिकवलं नाही, आपलं आपणच जमलं. माझे वाचता येतात, पण मी भरभर बोलते आणि बोलताना घरभर फिरते, त्यामुळे निम्मं सुटतं. शेजारणी तिच्याशी ओरडून बोलतात. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं आणि तिला ढिम्म कळत नाही. पोटभर बोलणं तिचं एकाच माणसाशी व्हायचं, धाकट्या बहिणीशी, म्हणजे माझ्या खालाशी. लहानपणापासून बघितलेलं तोंड ते. खाला 'आपा' म्हणायला ओठ उघडायची तेव्हाच हिला पुढचं कळलेलं असायचं.

खाला आंदर मावळात, टाकव्याच्याही पुढे, दोघींच्या माहेरच्या गावातच राहते. तिला गावातच दिलेली. तिचे गुडघे गेलेत, आणि अम्माला त्या रस्त्यावरची, माणसं कोंबून नेणारी वडापची जीप सोसत नाही. तेव्हा दोघींची भेट व्हायची ती टॅबवर. संध्याकाळी दिवे लागले की अम्मा टॅबसमोर बसणार, तिकडे खाला सुनेचा मोबाइल घेऊन ओट्यावर येणार, कारण घरात रेंज नसते. मोबाइलवर खालाचं तोंड चण्याएवढं दिसायचं, टॅबवर ताटलीएवढं. खाला मिश्री लावून बसली असेल तर अम्मा इकडून ओरडायची, "आदी चूळ भर! काय बोलती काय कळंना." मग खाला उठून चूळ भरून यायची आणि पुढे तासभर चालायचं. मध्येच खाला मोबाइल गोठ्यात न्यायची आणि म्हशीचं तोंड दाखवायची. ती म्हैस आमच्या आजीने पाळलेल्या म्हशीच्या वेतातली, नात का पणती. अम्मा तिच्याशीही बोलायची. म्हशीचे ओठ मात्र कोणाला वाचता येत नव्हते.

तो टॅब मी घेतला त्या काळात जो तो टॅब घेत होता. आमच्या हॉटेलाने तर खोलीखोलीत टॅब लावले होते, पाहुण्यांनी त्यावर बोट लावून चहा मागवावा म्हणून. पाहुणे बोट लावायचे, चहा यायचा नाही, मग ते दार उघडून ओरडायचे आणि चहा यायचा. मी माझ्यापुरता मालिका बघायला एक घेतला. अम्माने तो आठवड्यात बळकावला. हॉटेलातल्या जेवणाच्या टेबलांवरचे मेनूकार्डाचे लाकडी स्टँड काढून टाकले होते, त्यातला एक मी घरी आणला. त्याच्या खाचेत टॅब उभा बरोब्बर बसला. तेव्हापासून तो स्टँड, तो टॅब आणि त्यासमोरचा अम्माचा पाट ही जागा कोणी हलवायची नाही, असा घरात कायदा झाला.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला टॅबवर एक ओळ उमटली. हे उपकरण जुनं झालं आहे, यावर आता कॉल करता येणार नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. काचेला साधा चरा नव्हता. बॅटरी चांगली होती. आवाज, चित्र, सगळं ठणठणीत. वस्तू बिघडली असती तर मी समजून घेतलं असतं. ही तर चांगली धडधाकट, आणि तिला वाळीत टाकलेली. माझा असा संताप झाला की मी तडक बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि त्या मालकाला, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता, चार शब्द सुनावले.

मालक माझ्याच वयाचा, सोशिक माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, टॅब कोण घेतं आता? मोठा मोबाइल घ्या."

"मोबाइल नको. टॅब दाखवा."

त्याने खालच्या फडताळातून एक खोका काढला आणि आधी फडक्याने पुसला. त्यावरूनच काय ते समजायचं. मग तो स्वतःहून बोलायला लागला. शाळा घरात भरत होत्या तेव्हा त्याने टॅबसाठी लोकांची नावं लिहून घेतली होती, एवढी मागणी. शाळा उघडल्या आणि ते सगळे टॅब कपाटात गेले. "मोबाइल फुगत फुगत मोठा झाला, लॅपटॉप बारीक झाला. हा बिचारा मधल्या मध्ये चेंगरला. आणि ताई, खरं सांगू? टॅबचा दोष काय, तर तो टिकतो. मोबाइल खिशातून पडतो, पाण्यात पडतो, गिऱ्हाईक परत येतं. टॅब घरात बसून राहतो. एकदा विकला की गिऱ्हाईक तोंड दाखवत नाही."

"मी दाखवतेय ना," मी म्हटलं. तो हसला, पण त्याच्याकडे सिमकार्ड बसणारा टॅब नव्हता. आमच्या घरी वायफाय नाही. सिमवाला मागवावा लागेल म्हणाला, कधी येईल ते सांगता येत नाही. मला थांबणं जमत नाही. मी निघाले.

त्यानंतरचे काही आठवडे मला आठवतात ते नुसती धावाधाव म्हणून. हॉटेलच्या कोठारात गेले. खोल्यांमधले ते सगळे टॅब तिथे बंद पडलेल्या चहाच्या किटल्यांबरोबर एका पिंपात पडले होते. एक चार्ज करून बघितला. त्याच्यावरही तीच ओळ. सुट्टीच्या दिवशी तळेगावला गेले. तिथल्या दुकानात टॅबला काचेचा एक कोपरा दिला होता आणि त्यातले निम्मे नुसते दाखवायचे, आत काही नसलेले. पुण्यातही जाऊन आले. कोणी म्हणे रॅम बघा, कोणी म्हणे प्रोसेसर बघा. एकाने विचारलं, "चित्रं काढता का?" दुसऱ्याने विचारलं, "गेम कोण खेळणार?" मी म्हटलं, माझी अम्मा, आणि तो खरंच मला खेळाचे टॅब दाखवायला लागला.

या मधल्या दिवसांत मी दुभाष्याचं काम करून बघितलं. खाला मोबाइलवर बोलायची, मी ते अम्माला समोर बसून सांगायची, अम्मा बोलायची ते खाला ऐकायची. दोघींनाही ते आवडलं नाही. मला कंटाळा आला की मी लांबलचक बोलणं आवरतं घ्यायची, आणि अम्माला ते लगेच कळायचं. "तिनं येवढंच न्हाई सांगितलं," म्हणायची. शिवाय बहिणी बहिणींना जे सांगतात ते मुलीच्या तोंडून कसं सांगणार? चार दिवसांत ते बंद पडलं. अम्मा संध्याकाळी रिकाम्या स्टँडसमोर बसायची. मी म्हणायची, आणते, आणते. ती म्हणायची, "आन सावकाश," आणि त्या सावकाशने मी आणखी बिथरायची.

शेवटी मी निवडायची माझी रीत काढली. बाजारातल्या मालकाकडे सिमवाले टॅब आल्याचा निरोप आला, तशी मी गेले. त्याला म्हटलं, रस्त्याच्या पलीकडे जाऊन तुमच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल करा. आवाज मी बंद करते. तुम्ही नुसतं बोला. तो बिचारा चहाच्या टपरीपाशी उभा राहून बोलत राहिला आणि मी एकेका टॅबवर त्याचे ओठ वाचायचा प्रयत्न करत बसले. स्वस्तातल्यावर नुसतं राखाडी तोंड हललं. दुसऱ्यावर दिव्याचा उजेड काचेत चमकत होता. तिसऱ्यावर मात्र मला चक्क वाचता आलं: "ताई, दुकानात कोणी नाही, लवकर करा." मी एकटीच मोठ्याने हसले. हाच घ्यायचा ठरला.

खोका बांधताना तो म्हणाला, "यात कॅमेरा लांबीच्या कडेला दिलाय बघा. आडवा ठेवून मीटिंग करायला बरं पडतं."

"आमच्याकडे मीटिंग नसतात," मी म्हटलं आणि पिशवी उचलली.

नवा टॅब जुन्या स्टँडच्या खाचेत उभा बसला. थोडा रुंद, पण बसला. त्या संध्याकाळी अम्माने नवी साडी नेसली होती, मी काही विचारलं नाही. खाला पडद्यावर आली आणि अम्मा केवढ्याने ओरडली, "बाई बाई, हिचं दात बी मोजून घ्यावं!" मला इतका आनंद झाला की मी उगाच खिडक्या पुसायला घेतल्या. मागून अम्माचा आवाज येत होता. म्हस कशी हाय? दाव की. मग थोड्या वेळाने, असं व्हय, रानात गेलीया व्हय.

पण दुसऱ्या दिवशी कॉल लवकर संपला. तिसऱ्या दिवशी त्याहून लवकर. मी मागे उभी राहून बघितलं तर खालाने पदर तोंडावर धरला होता आणि ती खाली बघत बोलत होती. अम्मा चिडली. "पदर काड की गं! कळंना मला!" खालाने पदर आणखी वर ओढला. अम्माने टॅबच्या काचेला बोट लावलं, जणू तो पदर तिला बाजूला करता आला असता. काही दिवसांनी खालाने उचलणंच सोडलं. घंटा वाजायची, वाजायची आणि थांबायची.

मी आधी रेंजला शिव्या दिल्या. मग दुसऱ्या कंपनीचं सिम आणलं. मग टॅब काखोटीला मारून दुकानात भांडायला गेले. मालकाने सगळं तपासून सांगितलं, ताई, यात काही खोट नाही. मी त्यालाही नाही नाही ते बोलले. घरी आले तर अम्मा पाटावर बसली होती आणि भिंतीकडे बघत होती. आमचं भांडण झालेलं नव्हतं. मी समोर जाऊन बसले तेव्हा तिने आपणहून माझ्याकडे बघितलं.

"तिला कटाळा आला," अम्मा म्हणाली. "बहिऱ्यासंगं किती दिस बोलंल कुनी? तिचं काय चुकलं न्हाई."

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून राग आला. जगात या बाईचं बोलायचं एकच माणूस, आणि तेही मीच कुठला तरी टॅब आणून घालवलं, असं मला वाटत राहिलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन खालाला साधा फोन लावला. तिने तो उचलला.

"खाला, काय झालंय? अम्माचा फोन का घेत नाहीस?"

ती म्हणाली, "आपाला सांग, तुजा राग खरा हाय. पर म्या तरी काय करू?" आणि फोन ठेवला.

कसला राग? मी आत येऊन अम्माला विचारलं, तू तिच्यावर रागावली आहेस का? अम्मा माझ्याकडे बघतच राहिली. "म्या? कशापायी?"

मला हे असं अर्धवट सहन होत नाही. सुट्टी मागायलाही थांबले नाही, बदली बाईला कोठाराची किल्ली दिली आणि सकाळच्या लोकलने कान्हे स्टेशनला उतरले. अम्माला सांगून ठेवलं होतं, दुपारी मी खालाच्या घरून कॉल लावेन, समोर बसून राहा. तिथून जीप. टाकव्याच्या कंपन्यांच्या बसेस समोरून येत होत्या, धुरळा उडत होता. पुढे भातं कापलेली, खाचरांतून पेंढ्या उभ्या. त्याआधी जीप भरल्याशिवाय सुटत नव्हती, तेव्हा मी कान्ह्याच्या फाट्यावर येरझाऱ्या घालत राहिले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, बसा की जरा, गाडी काय तुमाला सोडून जात न्हाई." मी त्याच्यावरही डोळे वटारले.

खाला ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. मला बघून उठायला गेली, गुडघ्यांनी उठू दिलं नाही. मी तिच्याशेजारी टेकले आणि पहिलं लक्ष गेलं ते गोठ्याकडे. खुंटा होता, दावं नव्हतं. गव्हाण कोरडी.

"म्हैस कुठंय?"

खालाने सूप खाली ठेवलं. "म्हंजी तुला आपानं सांगितलं न्हाई?"

"काय सांगितलं नाही?"

मग ते सगळं बाहेर आलं. सून कंपनीत कामाला जाते. खालाला वाकता येत नाही, धार काढता येत नाही, वैरण आणायला कोणी नाही. आमचा टॅब बंद होता त्या दिवसांत तिने म्हैस विकली. आपाला सांगायचं होतं, पण मोबाइलवर माझ्या तोंडून नको. नवा टॅब येईल तेव्हा समोरासमोर सांगू, असं तिने ठरवलं होतं. "आन् नवा टॅब आला त्याच दिशी बगितलं, तर आपाचं डोळं दुसरीकडंच. म्या समजले, कुनीतरी हिला आदीच सांगितलंया. म्हून रानात गेलीया बोलले. रोज म्हनायचे आज सांगन, आज सांगन. ती बगंचना माज्याकडं. तोंड दावायची लाज वाटली मग."

"खाला, ती डोळ्याची पापणी न हलवता तुझ्याकडे बघत असते. मी मागे उभी असते ना."

"व्हय? मग बग तुज्या डोळ्यानं."

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. मी कॉल लावला. अम्माने लगेच उचलला. पडद्याच्या अगदी काठाला सरकलेला अम्माचा चेहरा, आणि डोळे बाजूला. भिंतीकडे, कपाटाकडे, कुठेतरी. ती नजर मी जन्मभर ओळखते. पुरे झालं, आता मला तुझं काही ऐकायचं नाही, असं सांगणारी. आणि त्याच चेहऱ्यातून आवाज येत होता, हरखलेला, "आगं दिसली बाई! दोगी बी दिसल्या! जेवलीस का गं?"

मी हातातला मोबाइल बघत बसले. तिकडे लोणावळ्यात अम्मा स्टँडमध्ये उभ्या ठेवलेल्या टॅबसमोर बसली होती आणि आम्हा दोघींच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. पण कॅमेरा आता वर नव्हता, लांबीच्या कडेला होता, म्हणजे उभ्या टॅबच्या बाजूला. जुन्या टॅबमध्ये तो वर होता, त्यामुळे तिची नजर जराशी खाली झुकलेली दिसायची, सालस. या टॅबमध्ये ती रुसलेली दिसत होती. मी रस्त्याच्या पलीकडे माणूस उभा करून अम्माला काय दिसेल ते तपासलं होतं. अम्मा कशी दिसेल, ते बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"खाला," मी म्हटलं, "हा टॅबचा घोळ आहे."

तिला ते पटलं नाही. मी अम्माला खुणा करायला लागले. तळहात उभा धरला, आडवा केला. अम्माने आपली मान आडवी केली. मी मान हलवून नाही म्हटलं, मोबाइल दाखवून तो फिरवला. तिने सगळा स्टँडच गर्रकन फिरवला आणि आम्हाला खोलीतला पंखा दिसायला लागला. एरवी मी किंचाळले असते. तेव्हा मी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, जागची न हलता बोलले: काढ. त्यातून काढ. आडवा ठेव.

पंखा हलला, छत गेलं, तांदळाच्या डब्यावरचं लेबल दिसलं. मग टॅब डब्याला टेकून स्थिर झाला आणि अम्मा समोर आली, पडद्याच्या बरोबर मध्ये. आणि तिचे डोळे. सरळ आमच्याकडे.

खालाने श्वास घेतलेला मला ऐकू आला. तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि अगदी जवळ धरला. कितीतरी वेळ दोघी नुसत्या बघत होत्या. मग खालाने पदर खांद्यावर टाकला, तोंड उघडं केलं आणि बोलली. आवाज फारसा काढलाच नाही, त्याची गरजही नव्हती.

"आपा, म्या म्हस इकली."

अम्माच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तिने डोळे बाजूला वळवले. एवढं सगळं करून, इतक्या लांब येऊन, हेच? मी मोबाइलकडे हात नेला. काहीतरी सांगावं, समजवावं, निदान कॉल बंद करावा. खालाने माझं मनगट घट्ट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "बग, हनुवटी बी फिरलीया. ह्यो राग तिचा खरा. ल्हानपनापासनं असाच हाय. त्यो टॅबातला खरा नव्हता, आता कळलं मला."

तिने मोबाइल सुपाला टेकवून ठेवला, कष्टाने उठली, चूळ भरून आली आणि पुन्हा समोर बसली. मला स्वस्थ बसवेना. खाली रस्त्यावर परतीची जीप हॉर्न देत होती. मी उठले, बसले, पुन्हा उठले. खाला मात्र हलली नाही. पडद्यावर अम्माचा कान, हनुवटीची कड आणि तिच्या मागची आमची भिंत. एकदा तिची नजर चोरून इकडे आली, खाला आहे ना ते बघून परत गेली. जीप निघून गेल्याचा आवाज आला.

मग भिंतीकडे बघतच अम्माने विचारलं, "कुनाच्या दारात गेली ती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खालाने मला हाताने गप्प केलं आणि स्वतःही काही बोलली नाही. ती वाट बघत राहिली. अम्माने विचारलं होतं खरं, पण उत्तर काही भिंतीवर येणार नव्हतं. ते खालाच्या ओठांवर होतं. मग अम्माने हळूच मान फिरवली आणि बहिणीकडे बघितलं.

"सांगते," खाला म्हणाली.